वाटाड्या आणि अस्वलीण

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी शिलावती नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाटाड्यांच्या कुळात जन्माला आला होता. नगरीच्या उत्तरेला देवदार आणि अक्रोडांचे मोठे अरण्य होते, आणि त्यात काळ्या अस्वलांची वस्ती होती. वाटसरूंना या अरण्यातून सुखरूप पार नेणे हे बोधिसत्त्वाचे काम होते.

त्याच नगरीत मेखला नावाची एक तरुण स्त्री राहत असे. तिचा नवरा भद्रक कांबळ्यांचा व्यापारी होता, आणि उत्तम तिरंदाज म्हणूनही त्याची ख्याती होती. एका शरद ऋतूत मेखलेच्या माहेराहून निरोप आला. आईने अंथरूण धरले होते, अन्न सोडले होते आणि ती सारखे लेकीचे नाव घेत होती. माहेर अरण्यापलीकडे होते, आणि गाडीवाट अरण्याला मोठा वळसा घालून जात असे.

मेखला नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला रानातूनच न्या. आईचे डोळे मिटायच्या आत मला तिच्यापाशी पोहोचायचं आहे."

भद्रकाने बोधिसत्त्वाला सोबत घेतले, आणि सकाळी तिघे पायी निघाले.

चालताना बोधिसत्त्व मधूनच मोठ्याने बोले, मधूनच टाळी वाजवी. मेखलेने विचारले, "दादा, हाक कोणाला मारता?"

"अस्वलांना, मुली. आपण येतोय हे त्यांना कळू दे. अक्रोड पिकलेत, ती खाण्यात गुंग असतात. माणूस अवचित समोर आला की बिचकतात, आणि बिचकलेलं अस्वल फार वाईट. आधी चाहूल लागली तर आपणहून बाजूला होतात. आणि समोर आलंच, तर पळायचं मात्र नाही."

मेखलेने मान डोलावली, पण तिचे चित्त आईपाशी होते.

दुपार कलली तेव्हा वाट अरुंद झाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. एवढ्यात पुढून तान्ह्या मुलासारखे रडणे ऐकू आले. बोधिसत्त्वाने हात आडवा धरला. वळणापुढे वाटेच्या अगदी मधोमध कोणा शिकाऱ्यांनी खड्डा खणून तो फांद्यांनी झाकला होता. फांद्या मोडून आत अस्वलाचे पिल्लू पडले होते, आणि काठावर त्याची आई येरझारा घालीत होती. काळीभोर, छातीवर पांढरी चंद्रकोर. माती उकरून उकरून तिची नखे रक्ताळली होती. माणसे दिसताच ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि फुत्कारली.

भद्रकाने धनुष्याला बाण लावला. "हिला पाडतो, वाट मोकळी होईल. अस्वलाचं पित्त वैद्य सोन्याच्या मोलानं घेतात. पिल्लू मदारी नेईल. वाटाड्या, यात तुझाही वाटा."

"मला वाटा नको, शेटजी," बोधिसत्त्व हळूच म्हणाला. "हा हिवाळा ते पिल्लू आईवाचून काढायचं नाही. मला थोडा वेळ द्या."

"वेळच तर नाही!" भद्रक मेखलेकडे वळला. "तूच सांग. तिकडे तुझी आई वाट बघतेय."

मेखलेच्या ओठांवर शब्द आला होता, "मारा." तेवढ्यात पिल्लू पुन्हा रडले. अस्वलिणीने खड्ड्यात मान घातली आणि ती घशातल्या घशात घुमू लागली. मेखला लहानपणी तापाने फणफणली की आई तिचे डोके मांडीवर घेऊन असेच काहीसे गुणगुणत असे. मेखलेचे डोळे भरून आले. "थांबा," ती म्हणाली. "दादांना करू द्या."

कड्याच्या पायथ्याशी देवदाराचे एक वाळके खोड पडले होते. बोधिसत्त्वाने त्याचे टोक उचलले आणि नजर खाली ठेवून, एकेक पाऊल टाकीत, तो ते खड्ड्याकडे ओढू लागला. "बाई गं," तो मंद आवाजात म्हणत होता, "तुझं काही न्यायला आलो नाही. तुझं तुला मिळू दे."

अस्वलीण धावून आली. बोधिसत्त्व होता तिथेच उभा राहिला. तिने हातभर अंतरावर येऊन जमिनीवर पंजा आपटला, आणि दुसऱ्या पंजाने त्याचा खांदा फाडला. भद्रकाने प्रत्यंचा कानापर्यंत ओढली.

"सोडू नका!" बोधिसत्त्व न वळता म्हणाला. त्याच्या कोपरावरून रक्त ठिबकत होते, पण आवाज तसाच मंद होता. अस्वलीण त्याच्याकडे पाहत राहिली, मग हळूहळू मागे सरली.

त्याने पुन्हा खोडाला हात घातला, पण एका हाताने ते हलेना. तेव्हा मेखलेने डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवले. "मेखले, मागे फीर!" भद्रक दबक्या आवाजात म्हणाला. ती फिरली नाही. तिने खोडाचे मागचे टोक उचलले आणि तीही तेच शब्द म्हणू लागली, "बाई गं, तुझं तुला मिळू दे."

बायको अस्वलाच्या तोंडाशी, आणि बाण हातात. अखेर भद्रकाने प्रत्यंचा सैल केली.

खोड घसरत खड्ड्यात गेले आणि तळाला टेकले. मग तिघेही पाठ न फिरवता मागे वळणापर्यंत आले आणि श्वास रोखून उभे राहिले. पिल्लू चढले, घसरले, पुन्हा चढले. काठावर येताच अस्वलिणीने त्याला चाटून काढले, एक चापट मारली आणि कड्यावरून वर रानात हाकलले. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मेखलेने पदर फाडून बोधिसत्त्वाचा खांदा बांधला. कोणी न सांगता भद्रक दगडमाती लोटून खड्डा बुजवू लागला. उन्हे उतरत होती, तरी मेखला त्याला "चला" म्हणाली नाही. तीही दगड आणू लागली.

दिवेलागणीला ती माहेरी पोहोचली. आई जिवंत होती, पण तिचे डोळे मिटलेले होते. मेखलेने तिचा हात हातात घेतला आणि रडत रडत उशीर का झाला ते सांगितले.

मग आईचे ओठ हलले. "चढलं का गं ते पिल्लू?"

"चढलं, आई."

"मग त्याच्या आईनं काय केलं?"

"चाटून काढलं. आणि एक चापट दिली."

म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू उमटले. "बरोबर केलं. मीही दिली असती." थोडे थांबून ती म्हणाली, "जरा पेज कर बघू. मीठ घालून."

ती हळूहळू बरी झाली. पुढे भद्रकाने राजा दृढवर्म्याकडे जाऊन सर्व हकीकत सांगितली, आणि पायवाटांवर खड्डे खणण्यास त्या राज्यात मनाई झाली. बोधिसत्त्व आयुष्यभर वाटसरूंना पार नेत राहिला आणि आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

ही कथा पुढे बुद्धत्व पावलेल्या शास्त्याने भिक्खू पिंगलाला सांगितली. ध्यानासाठी अरण्यात गेलेला पिंगल अस्वल पाहून भयाने विहारात परतला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या वेळचा भद्रक म्हणजे आजचा सेनानी वज्रसेन, मेखला म्हणजे भिक्खुणी विशदा, आणि तिची आई म्हणजे विहाराला रोज पेज देणारी उपासिका कुमुदा. वाटाड्या मीच होतो. आणि पिंगला, खड्ड्यातले ते पिल्लू तू होतास. ज्याला तू भ्यालास, त्याच्याच कातडीत तूही एकदा भ्याला होतास."

पिंगल नमस्कार करून उठला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा अरण्याकडे निघाला. वाटेने तो मोठ्याने बोलत होता, मधूनच टाळी वाजवीत होता.

भयाच्या समोरही जी ढळत नाही, ती मैत्री. या जन्मी बोधिसत्त्वाने मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, आचरली.