साडेतीन पानांची माफी

“हा ‘बट’ म्हणजे काय हो, मास्तर?” चेतनगिरी बुवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पण,” प्राध्यापक टेंबे म्हणाले. “बट म्हणजे पण. मघाशीच सांगितलं.”

“हां... वाचा पुढं.”

टेंब्यांनी दात आवळून पान वर धरलं. चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस. इंग्रजीतल्या ‘द’, ‘अ’, ‘इफ’, ‘बट’ असल्या चिमुकल्या शब्दांवर त्यांनी तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. आणि ज्यांनी उभ्या जन्मात एबीसीडी गिरवली नाही, ते डोंगरावरचे गोसावी त्यांना मास्तर म्हणत होते, वर शब्दाशब्दाला अडवत होते.

खरं तर ते आले होते नुसत्या भस्मासाठी. सुनेला लिहिलेल्या पत्राला बुवांनी धुनीतलं चिमूटभर भस्म लावायचं, की टेंबे एसटी गाठायला मोकळे. दर गुरुवारी मठात येणाऱ्या माणसाचं एवढं काम व्हायला हरकत नव्हती. पण बुवा म्हणाले, आधी वाचून दाखवा. इंग्रजीत आहे म्हटलं, तर म्हणाले, असू द्या.

सून लिसी केरळची. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी.

दोन वर्षांपूर्वी तिनेच सासऱ्यांना पत्र लिहिलं होतं. मुलगी झाली, बारशाला या, नाव तुम्हीच सुचवा. टेंब्यांनी ते वाचायला घेतलं आणि सवयीने हातात लाल पेनही घेतलं. जिथे ‘द’ राहिला होता तिथे घातला, जिथे ‘अ’ उगाच आला होता तिथे काट मारली. खाली ‘प्रयत्न चांगला’ असा शेरा लिहून त्यांनी ते पत्र तिलाच परत पाठवलं.

बारसं त्यांच्यावाचून झालं. मुलगा, सलील, तेव्हापासून फोन उचलत नव्हता. नात आता बोलायला लागली आहे, हे त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. ती एकदा डोळ्यांनी दिसावी, यापलीकडे त्यांना काही नको होतं. त्यासाठीच हे साडेतीन पानांचं पत्र.

ते वाचत राहिले. पहिल्या पानाच्या मध्यावर बुवा आपलं आसन घेऊन हातभर मागे सरकले. दुसऱ्या पानावर धुनीच्या पलीकडे गेले. तिसरं पान लागलं तेव्हा ते उंबऱ्याबाहेर उन्हात बसले होते, आणि टेंब्यांना वर्गातल्या शेवटच्या बाकासाठी काढावा तसा आवाज काढावा लागत होता.

अखेर त्यांनी पत्र मांडीवर आपटलं.

“बुवा, तुम्ही मागे का सरकताय?”

“मी कुठं सरकतोय? तुम्ही ढकलताय.”

“मी जागचा हललोसुद्धा नाही.”

“मला तुमची भाषा येत नाही, मास्तर. मी आपली तुमची हनुवटी बघतोय. तो ‘बट’ आला की ती वर जाती.”

...

टेंब्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला आणि त्यामुळे ते जास्तच चिडले. वाईट वाटलं हे तर लिहिलंच आहे, ते म्हणाले. पण तिने चुका केल्या होत्या, हे खोटं आहे का? पण आपला हेतू चांगला होता, हे सांगायचं नाही का? तिचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व, असं सभ्य माणसं लिहितातच. हे शब्द काढले तर भाषेत उरणार काय?

बुवा उठून आत आले. धुनीच्या कडेचा एक विझलेला कोळसा उचलून त्यांनी टेंब्यांपुढे धरला.

“काढून बघा.”

टेंब्यांनी तो हिसकावूनच घेतला. पहिला ‘बट’ काळा केला. मग त्यामागून आलेलं वाक्य उघडं पडलं, तेही काळं केलं. ‘इफ’ गेला. त्याच्या मागे ‘ओन्ली’, ‘जस्ट’, ‘ऑलदो’... एकेक जात गेला. रागारागात पहिलं पान गेलं. तिसऱ्या पानावर हात हळू चालायला लागला होता. बोटं काळी झाली, धोतरावर डाग पडले.

शेवटी दोन वाक्यं उरली. मी चुकलो. मला बाळाला बघायचं आहे.

“घ्या,” टेंबे म्हणाले. “चौतीस वर्षं शिकवून हे उरलं. चौथीतलं पोरही एवढं लिहील.”

बुवा धुनीशी वाकले.

“आणि एवढं लिहूनसुद्धा...” टेंब्यांचा आवाज एकाएकी बसला. पानावरून त्यांची नजर उठेना. “एवढं लिहूनसुद्धा तिने बोलावलं नाही तर?”

...

बुवांनी चिमूटभर भस्म त्या कागदावर टेकवलं.

“नाही बोलावलं, तर चूक तिची ठरती का, मास्तर?”