मोडणीचा दगड

कुणाच्या खापरपणजोबालाही आठवणार नाही, इतकी जुनी ही गोष्ट. एका ओढ्याच्या दोन्ही काठांवर एक नगर वसलं होतं. ते वसवताना मोठाले दगड ओढून आणले एका हत्तीनं, आणि चुना वाहिला गाढवांनी. दगडाला चुना मिळाला, तेव्हा कुठं भिंती उभ्या राहिल्या.

पण माणसाची जात मोठी विसरभोळी. माहुताची नातवंडं म्हणू लागली, नगर हत्तीनं वसवलं. गाढवं हाकणाऱ्यांची नातवंडं म्हणाली, छट्, गाढवांनी! झालं. एकांनी पागोट्यावर हत्ती काढून घेतला, दुसऱ्यांनी गाढव. हसू नका बाळांनो, त्या चित्रांपायी माणसं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हती. आधी सगळी मिसळून राहत. भांडणं वाढत गेली तशी बिऱ्हाडं हलत गेली. हत्तीवाले अलीकडच्या काठाला, गाढववाले पलीकडच्या.

दर चार वर्षांनी नगराचा नाईक निवडायचा. देवळापुढं दोन मडकी मांडायची आणि ज्यानं त्यानं आपला चिंचोका हव्या त्या मडक्यात टाकायचा. ज्याचे चिंचोके जास्त, तो नाईक. दर खेपेला दोन्हीकडची आरोळी एकच असे, "यंदा पालट!"

आणि हा पालट सुरू कुठून व्हायचा? तर ओढ्यावरच्या पुलापासून. मागच्या नाइकानं बांधलेला पूल अर्धा असो की पाऊण, नवा नाईक पहिल्याच दिवशी तो पाडायला काढी. त्याला मोडणीचा दिवस म्हणत. ढोल वाजत, गूळ वाटत. जिंकलेल्या बाजूच्या सगळ्यांत निष्ठावंत माणसाला पहिला दगड उखडायचा मान मिळे, आणि तो दगड त्यानं घरी नेऊन अंगणात मांडायचा. अशी कैक अंगणं मानाच्या दगडांनी सजली होती. ओढ्यावर मात्र धड पूल कुणी पाहिला नव्हता.

या नगरात धुरपदा नावाची सुईण होती. दोन्ही काठांना सुईण ती एकटीच. निम्मं नगर तिच्या हातांत जन्मलं होतं, आणि जन्मताना कुणी हत्तीवालं म्हणून वेगळं रडलं नव्हतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बाई कट्टर हत्तीवाली. तिची एकुलती एक लेक येसू पलीकडच्या काठाला दिलेली. लग्न झालं तेव्हा वैर एवढं पेटलं नव्हतं. एका निवडीला येसूनं नवऱ्याबरोबर गाढवाच्या मडक्यात चिंचोका टाकला आणि आईला तसं सांगितलंही. त्या दिवसापासून धुरपदानं लेकीशी बोलणं टाकलं.

त्यानंतरच्या निवडीत हत्तीवाले जिंकले. नवा नाईक देवळाच्या पायरीवर उभा राहून गरजला, "पावसाळ्याच्या आत असा पूल बांधीन, की त्यावरून हत्ती चालत जाईल!" आणि पहिल्या दगडाचा मान त्यानं धुरपदाला दिला.

गाढववाल्यांचा पूल तेव्हा जवळजवळ पुरा होत आला होता. शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता, तिथं फळ्या टाकून लोक येत-जात. धुरपदा पहार घेऊन पहिल्या खांबाशी गेली. समोरच्या काठावर येसू उभी होती.

"आये!" येसूनं हाक मारली. "आये, पूल राहू दे गं! भर पावसाळ्यात माझे दिवस भरतायत. तू कशी येशील?"

धुरपदानं हाक ऐकली. मागं ढोल वाजत होते. हजार डोळे तिच्यावर होते. लेकीशी बोलायचं नाही म्हणून ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "तोवर आपला पूल होईल की!" आणि तिनं पहार घातली. दगड निघाला. लोकांनी जयजयकार केला. तिनं तो दगड अंगणात मांडला, त्याला कुंकू लावलं. येसू कधी घरी परतली, ते तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पूल पाडायला तीन दिवस पुरले. बांधायला घेतला तेव्हा ध्यानात आलं, की चुन्याच्या भट्ट्या पलीकडच्या काठाला. गाढववाले म्हणाले, "आमचा पूल मोडलात, आता आमचाच चुना मागता होय? तोंड बघा आरशात!" हत्तीवाल्यांनी मग दगडावर नुसते दगड रचले. दोन खांब उभे राहिले. आषाढात ओढा फुगला आणि ते खांब वाहून गेले.

श्रावणातल्या एका सकाळी धुरपदाचा जावई हैबती पलीकडच्या काठावर येऊन हातवारे करू लागला. येसूला कळा सुरू झाल्या होत्या. ओढा दुथडी भरलेला. हत्तीवाल्यांनी एक हत्ती पाळला होता, पण तो नाइकाच्या हुकुमाशिवाय सुटत नसे. धुरपदा धावत नाइकाकडं गेली.

"नाईक, हत्ती द्या! हत्ती असल्या पाण्यातूनही जाईल. माझी लेक अडलीय."

नाईक घोटाळला. "धुरपदाबाई, आपला हत्ती त्यांच्या काठाला पाठवायचा? उद्या आपलीच माणसं माझं पागोटं उतरवतील. थांबा, पंच बसवतो."

पंच बसले. धुरपदा पुन्हा काठाशी आली. हैबती पलीकडून आपल्याच पायांवर थापा मारून दाखवत होता. तिला उमगलं. मूल पायाळू होतं, पाय आधी येत होते. अशी किती मुलं तिनं सुखरूप काढली होती! अशा वेळी ओढायचं नसतं, धीर धरायचा असतो.

"ओढू नका!" ती ओरडली. "ओढू नका रे! थांबा!" घसा फुटेस्तोवर ओरडली. ओढ्याच्या गर्जनेत तिचा शब्द पलीकडं पोचला नाही.

दुपार कलली तेव्हा पंचांचा निकाल झाला, हत्ती द्यावा. तोवर पाणी आपसूक उतरलं होतं. धुरपदा कमरेएवढ्या पाण्यातून लेकीच्या घरी पोचली. घरात बायका खाली मान घालून बसल्या होत्या. मूल गेलं होतं. मुलगा होता.

येसूनं डोळे उघडले. रागानं बोलायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आये, हात धुऊन घे. सकाळपासून पाणी गरम ठेवलंय, तुझ्यासाठी."

धुरपदा त्या पाण्यापाशी बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली.

नगरानं काय केलं म्हणता? नगरानं त्या बाळाचीही आरोळी केली. हत्तीवाले म्हणाले, "यांनी चुना अडवला, म्हणून पोर गेलं." गाढववाले म्हणाले, "यांनी पूल मोडला, म्हणून गेलं." आणि दोघंही म्हणाले, "पुढच्या खेपेला पालट!" बाळासाठी रडली ती तिघंच.

चार वर्षं सरली. हत्तीवाल्यांनी पुन्हा दोन खांब कसेबसे उभे केले होते, तोच गाढववाले निवडून आले. मोडणीचा दिवस उजाडला. पहिल्या दगडाचा मान त्यांनी कुणाला द्यावा? हैबतीला. ज्याचं मूल गेलं, त्याच्यापेक्षा मोठा मान कुणाचा!

हैबती पहार घेऊन खांबाशी आला, आणि पाहतो तर सासू खांबाला टेकून बसलेली. मांडीवर तोच दगड. त्यावरचं कुंकू तिनं केव्हाच धुऊन टाकलं होतं.

"मामी, बाजूला व्हा," हैबती म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही थांबला नव्हता."

"नव्हते थांबले, जावईबापू. लेकीनं हाक मारली, ती कानांनी ऐकली आणि तरी पहार घातली. तुमचं लेकरू ना हत्तीवाल्यांनी मारलं, ना गाढववाल्यांनी. या हातांनी मारलं." तिनं आपले म्हातारे हात पुढं केले. "घाला पहार. तुमचा हक्क आहे. फक्त मला एवढं सांगा, येसूला पुन्हा दिवस गेलेत. येत्या श्रावणात मी कुठून येऊ?"

ढोल थांबले. हैबतीनं पहार खाली ठेवली. त्यानं सासूच्या मांडीवरचा दगड उचलला आणि हत्तीवाल्यांच्या खांबावर ठेवला.

दोन्ही काठांवर कुजबुज उठली. शत्रूच्या खांबावर आपला दगड! असं कधी घडलं नव्हतं. "हैबती, गद्दार!" नाईक ओरडला. हैबतीनं मागं वळूनही पाहिलं नाही. दगड डुगडुगत होता. तो म्हणाला, "चुना आणा कुणीतरी."

एक म्हातारा गाढववाला गर्दीतून पुढं आला. तो धुरपदाच्याच हातांत जन्मलेल्या चार मुलांचा बाप होता. त्यानं आपलं गाढव पाण्यात घातलं. पाठीवर नव्या पुलासाठी आणलेल्या चुन्याच्या गोण्या होत्या. मग अलीकडून माहुतानं हत्ती सोडला. नाईक पुष्कळ ओरडला, पण लोक कामाला लागले होते. अंगणोअंगणीचे मानाचे दगड त्या दिवशी एकेक करून ओढ्याकडं परत आले.

भांडणं संपली नाहीत हो. चिंचोके आजही पडतात आणि "यंदा पालट" आजही घुमतं. पण मोडणीच्या दिवशी आता मानकरी दगड काढत नाही, पुलाच्या कठड्यावर एक दगड चढवतो.

त्या श्रावणात ओढा पुन्हा दुथडी भरला. धुरपदा आपल्या पायांनी पूल ओलांडून गेली. हात धुवायला पाणी गरम होतं. नात सुखरूप झाली, आणि तीही पायाळूच.

तात्पर्य : मागच्याचा दगड उखडून पालट येत नाही, त्यावर आपला दगड ठेवला, तरच येतो.