घोरपडे सरांचा दम

कबड्डीच्या सामन्यात मध्यंतर पाच मिनिटांचं, आणि घोरपडे सर पाचही मिनिटं बोलत. संघ सात गुणांनी मागे होता. दमलेल्या मुली माना खाली घालून ऐकत होत्या. समोरच्या संघाची कोपऱ्यातली मुलगी लंगडतेय, एवढंच सांगायला चढाई करणाऱ्या वनिताने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

“मध्ये बोलू नकोस गं!” सर ओरडले.

वनिता थकल्या आवाजात म्हणाली, “सर, चढाईत दम तुटला की आम्ही बाद होतो. तुमचा कधी तुटतो तेवढं सांगा. मला एकच वाक्य बोलायचंय.”

सरांनी हातानेच ‘बोल’ अशी खूण केली. तिने वाक्य सांगितलं. तेवढ्यात शिट्टी वाजली.

सरांनी पहिल्यांदाच विचारलं, “आणखी काही?”

“पाणी प्यायचं राहिलं, सर.”