टॅपेटची फट

एका घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध मिस्त्री जुन्या मोटारी दुरुस्त करीत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत याचा त्याला क्षणभरही विसर पडत नसे.

एका व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत वडिलांची मोटार त्यांच्याकडे आणली. "आईचं माहेर घाटमाथ्यावर आहे," तो म्हणाला. "ती आता फार थकलीये. एकदा वडिलांच्याच गाडीतून तिला तिथं न्यायचंय. वाटेत बंद पडली तर तिचे हाल होतील."

मिस्त्रींनी काम शिष्यावर सोपवले. इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, जळाले होते. शिष्याने त्यांच्या जागी जुन्यापेक्षा सरस पोलादाचे नवे व्हॉल्व्ह घातले, प्रत्येक त्याच्या त्याच्या बैठकीवर घासून बसवला, वर रॉकेल ओतून थेंबही पाझरत नाही हे पाहिले. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यामध्ये बारीकशी फट असते. तिच्यामुळे टकटक येते, म्हणून त्याने ती जवळजवळ मिटवूनच टाकली. इंजिन मुकाट चालू लागले. व्यापारी खूश झाला.

मिस्त्री आले, त्यांनी कान दिला. इंजिन गार होऊ दिले आणि पाना घेऊन सगळे टॅपेट सैल केले! आता इंजिन सुरू होताच टकटक, टकटक.

"मिस्त्री, बरं चाललं होतं की हो!" व्यापाऱ्याचा चेहरा पडला.

"उद्या आपणच घाट चढून बघू. आईंना मग बसवा," एवढेच बोलून मिस्त्री घरी गेले.

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून अधिक तो गोंधळला. म्हाताऱ्याचे कान गेले की काय? की शिष्याचे काम चांगले झालेले बघवत नाही? शेवटी त्याने सगळे टॅपेट पुन्हा आवळले.

सकाळी तिघांना घेऊन गाडी निमूट निघाली. टकटक नाही, तरी मिस्त्री काहीच विचारीनात. शिष्य आणखी गोंधळला.

निम्म्या घाटात इंजिन धापा टाकू लागले आणि बंद पडले. शिष्याने पेट्रोल पाहिले, ठिणगी पाहिली, सगळे ठीक. बराच वेळ खटपट केल्यावर गाडी अशी सुरू झाली, जणू काही झालेच नव्हते. दोन वळणांनंतर पुन्हा बंद.

"गार असली की चालते, चढायला लागली की मरते. हा काय प्रकार आहे?" शिष्य रडकुंडीला आला.

"आणि हिच्यात मी आईला बसवणार होतो," व्यापारी म्हणाला. शिष्याची मान खाली गेली.

मिस्त्रींनी इंजिनावरचे झाकण काढायला लावले. "फडकं धर आणि टॅपेट हलवून बघ."

टॅपेट जराही हलेना. "काल तर किंचित हलत होता, वस्ताद!"

"काल इंजिन गार होतं. लोखंड तापलं की वाढतं, बाळा. तू घातलेलं पोलाद जुन्याहून चांगलं, पण ते तापल्यावर जुन्याहून जास्त वाढतं. वाढायला जागाच नसली की व्हॉल्व्ह बैठकीवर टेकत नाही. तोंड उघडं राहतं, जोर निघून जातो, आणि असंच चालवत राहिलास तर तो जळतो. टकटक हा बिघाड नव्हता. तापल्यावर लागणारी जागा होती ती."

शिष्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "मी पुन्हा आवळलेत हे तुम्हाला सकाळीच कळलं असणार. मग बोलला का नाहीत?"

"तू अजून तापलेला होतास," मिस्त्री म्हणाले.

इंजिन निवेपर्यंत गुरू-शिष्य कठड्यावर बसून राहिले. मग शिष्याने स्वतःच पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी टकटक करीत ती मोटार घाट चढली. मागे बसलेल्या आईला माहेर येईपर्यंत एकदाही उतरावे लागले नाही.

आपल्या घरातल्या माणसांत थोडी टकटक ऐकू येत असेल, तर लगेच पाना शोधायला धावू नये.