दाराचा ओंडका

"…आणि मी खुर्ची सोडली अन् कारखाना बुडाला, तर ते पाप कुणाच्या माथी, मास्तर?"

इंजिनियर ओत्ताविओ ग्रिसेल्ली यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा मास्तर वाटाणे सोलत होते. दुसऱ्यांदा विचारला तेव्हाही वाटाणेच सोलत होते. आता वाटाणे संपले होते, म्हणून ते सालं गोळा करत होते.

"हं," मास्तर म्हणाले.

इटलीच्या उत्तरेला डोंगरात एक लहानसा मठ आहे. तिथल्या जेवणघरात हे दोघे बसले होते. मास्तर म्हणजे इथले साधू, फ्रा बास्तियानो. वय त्र्याण्णव. बायको गेल्यावर त्यांनी संन्यास घेतला. त्याआधी चाळीस वर्षं ते एका ओतशाळेत लाकडी साचे करणाऱ्या पोरांना शिकवत होते. ओत्ताविओ त्यांच्या हाताखाली आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि त्याला रंधा धरता येत नव्हता.

आता ओत्ताविओ अठ्ठ्याहत्तरचे होते. तीन मोठ्या कंपन्या त्यांनी चालवल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक घेतलं होतं. गावातल्या एका चौकाला त्यांचं नाव द्यायचं चाललं होतं. ते अजून जिवंत आहेत, एवढीच काय ती त्यातली अडचण होती.

"शिवणयंत्रांची कंपनी आठवते, मास्तर? मरायला टेकली होती. मी सरळ केली."

"हं."

"मग रेल्वेच्या डब्यांची. सगळा वाकडा कारभार. तीही सरळ केली."

"माणसं किती होती तिथे?"

"चार हजार."

"आणि सरळ झाल्यावर?"

"अकराशे. पण अशी सरळ, मास्तर, की बघत राहावं."

मास्तरांनी एक सुटा वाटाणा उचलून तोंडात टाकला.

"आता ही फ्रिजची कंपनी. बारा वर्षं अध्यक्ष आहे. उद्या दुपारी मिलानला संचालकांची बैठक आहे. मी पुन्हा उभा राहणार का, एवढं त्यांना बारापर्यंत कळवायचंय."

"तुझ्यामागे कुणी नाही?"

"आहे ना. लिविया. माझी उपाध्यक्ष. हुशार पोरगी आहे, पण अजून तयार नाही."

"पोरगी केवढी?"

"सत्तावन्न."

"आणि किती वर्षं तयार होतेय?"

"…एकोणीस. आधीच्या कंपनीतही माझ्याच हाताखाली होती."

 मास्तर तो वाटाणा बराच वेळ चावत राहिले.

खरं सांगायचं तर, कारखाना बुडेल ही भीती ओत्ताविओंना फारशी नव्हतीच. भीती होती ती त्यानंतरच्या सोमवारची. सकाळी सहाला जाग येणार, दाढी होणार, कोट अंगावर चढणार, आणि मग जायचं कुठे? या सोमवाराने गेले दोन महिने त्यांची झोप उडवली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनाही सांगणार नव्हते. त्यांना सल्ला नको होता, 'रहा' असा शिक्का हवा होता, आणि शिक्का मारायला त्र्याण्णव वर्षांच्या साधूइतका माणूस चांगला कुठला?

मास्तर उठले. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराशी गेले. जेवणघराची खिडकी डोंगराकडे, त्यामुळे वारा सदानकदा आत घुसलेला. दार आपटू नये म्हणून ओकच्या बुंध्याचा एक ओंडका त्याला टेकवून ठेवला होता. भोपळ्याएवढा, गाठाळ, कुठून बघावा तर तिकडून वाकडा.

मास्तरांनी वाकून तो उचलला. दार धाडकन बंद झालं.

"हा घे. याचा घन कर. सहाही बाजू काटकोनात. मग सांगतो."

ओत्ताविओ हसले. ओतशाळेत नव्या पोराला पहिल्या महिन्यात हेच काम असायचं. लाकूड, रंधा आणि काटकोन तपासायचा गुण्या. गुण्या लावून लाकूड उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला, की बाजू वाकडी.

"दोन तासांचं काम आहे," ते म्हणाले आणि त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला.

मठाच्या सुतारशाळेत करवत होती, रंधा होता, सगळं होतं. धार तेवढी नव्हती, ती त्यांनी लावून घेतली. ओंडका करवतीने चौकोनी कापून झाल्यावर तो जेवणघरातल्या लांब टेबलावर आणला, कारण तिथे उजेड चांगला होता. पहिली बाजू अर्ध्या तासात आरशासारखी झाली. दुसरी झाली. तिसरी करताना पहिली बिघडली. पहिली सुधारली तर चौथी तिरकी. केसभर उजेड दिसे, आणि ओत्ताविओंच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सले. आणखी एक हात. आणखी एक.

तेवढ्यात दारावर धडक बसली. पलीकडून कुणी तरी गुडघ्याने दार ढकलत होतं. दार उघडलं, वाऱ्याने परत आलं, पुन्हा उघडलं. शेवटी पाठीने रेटत आडवेतिडवे होत स्वयंपाकी फ्रा काल्लिस्तो आत आले. दोन्ही हातांत सुपाचं पातेलं, अंगरख्यावर अर्धं सूप. मागोमाग वाढणारे आणखी दोघं.

वाढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा त्या मठाचा जुना नियम. फ्रा काल्लिस्तो नियमाचे पक्के. त्यांनी नुसतं पाहिलं. आधी दाराकडे, मग ओत्ताविओंच्या हातातल्या लाकडाकडे.

"या दाराचं कुणीतरी काहीतरी करायला हवं," ओत्ताविओ मान वर न करता म्हणाले. "स्प्रिंग बसवा. किंवा वाढणारे कमी करा. तिघं कशाला लागतात?"

फ्रा काल्लिस्तोंनी त्यांच्यापुढे सूप वाढलं. जरा कमी वाढलं.

रात्रीच्या जेवणालाही तोच प्रकार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधालाही झाला. तोवर ओत्ताविओंच्या तळहाताला चार फोड आले होते आणि टेबलाखाली पोटऱ्यांपर्यंत भुसा साचला होता. पण माणूस खूश होता. मधे एकदा तर ते शीळसुद्धा घालत होते. साठेक वर्षांत त्यांची शीळ कुणी ऐकली नव्हती.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "तेव्हा, ओतशाळेत, माझा घन कसा झाला होता?"

"सगळ्यांत सरळ."

"बघा."

"…आणि सगळ्यांत लहान."

हे दुसरं वाक्य ओत्ताविओंना ऐकू आलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. हातात रंधा असला की तसं होतं.

पावणेबाराला घन तयार झाला.

त्यांनी तो मास्तरांच्या तळहातावर ठेवला. बेसनाच्या लाडवाएवढा होता. मास्तरांनी गुण्या लावला, खिडकीकडे धरला, सहाही बाजूंनी पाहिला. कुठेही उजेड नव्हता.

"बिनचूक," मास्तर म्हणाले.

ओत्ताविओंचा ऊर भरून आला. राष्ट्राध्यक्षांच्या पदकाच्या वेळीही एवढा भरून आला नव्हता. पंधराव्या वर्षी हा शब्द ऐकायला त्यांनी जीव दिला असता, आणि तेव्हा तो मिळाला नव्हता.

"आता सांगा, मास्तर."

मास्तर उठले. पाय ओढत दाराशी गेले, दार सताड उघडलं, आणि तो घन त्याला टेकवून ठेवला. मग परत येऊन आपल्या जागेवर बसले आणि वाडगा पुढे ओढला.

डोंगरावरून वारा आला.

घन फरशीवरून घसरत टेबलाखालच्या भुशात गेला. दार धाडकन मिटलं. पलीकडे पातेलं कशावर तरी आदळल्याचा आवाज झाला. त्यानंतर एक मोठा नि:श्वास ऐकू आला. नियमात नि:श्वासाला बंदी नव्हती.

ओत्ताविओ दाराकडे बघत राहिले. मग टेबलाखाली. मग आपल्या हातांकडे.

"…भोपळ्याएवढा होता," ते हळूच म्हणाले.

मास्तरांनी चमचा पुसला.

ओत्ताविओ ताडकन उठले. काही बिघडलं की स्वतः पुढे व्हायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी दार उघडलं, चौकटीत उभे राहिले, पाठ दाराला लावली आणि समोरच्या खांबावर हात रोवला.

"घ्या. आता नाही आपटणार. मी आहे."

आणि खरंच, दार तसूभर हललं नाही. पंचेचाळीस वर्षं संचालकांच्या जेवणावळी जेवलेला माणूस तो. वाऱ्याची काय बिशाद.

पलीकडे फ्रा काल्लिस्तो वाफाळतं पातेलं घेऊन उभे होते. त्यांच्यामागे पावाची टोपली घेतलेले एक साधू. त्यांच्यामागे चीजचं ताट घेतलेले आणखी एक. तिघंही गप्प. फ्रा काल्लिस्तो डावीकडे सरकले. तिथे ओत्ताविओंचा खांदा होता. उजवीकडे सरकले. तिथे पोट होतं.

"या ना," ओत्ताविओ म्हणाले. "दार उघडं आहे."

कुणी हललं नाही. हलायला जागाच नव्हती.

एवढ्यात अंगणाच्या बाजूने ड्रायव्हर दारिओ धापा टाकत जेवणघरात शिरला. मठात फोनला रेंज मिळे ती फक्त नासपतीच्या झाडाखाली, त्यामुळे बिचारा सकाळपासून झाडाखाली बसून होता.

"साहेब, मिलानहून फोन. फोन तसाच चालू ठेवून झाडावर अडकवून आलोय. सगळी मंडळी बसलीत. लिवियाबाई स्वतः बोलतायत." त्याने दम घेतला. "त्या विचारतायत, साहेब राहणार ना? राहणार असतील तर त्यांची काही हरकत नाही, म्हणाल्या. त्या थांबतील."



ओत्ताविओंनी पातेल्याकडे पाहिलं. पातेल्यामागच्या तीन गप्प चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यात मागच्या साधूचे हात ताटाच्या वजनाने थरथरत होते, आणि तरी तो अदबीने उभा होता. असं अदबीने उभं राहिलेलं कुणीतरी त्यांनी रोज पाहिलं होतं. एकोणीस वर्षं.

"मास्तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पंधरा वर्षांच्या पोरासारखा निघाला. "काय सांगू त्यांना?"

मास्तर रिकामा वाडगा पुढे घेऊन बसले होते.

"जरा बाजूला हो, ओत्ताविओ. सूप निवतंय."