वैशाखातली थंडी

एक राजा होता, त्याला न्यायाची भारी खाज. सनईवाला येसू आणि अत्तरवाला भाना नवराबायकोसारखे नांदतात, म्हणून त्यानं दोघांना हद्दपार करायचं ठरवलं. त्यांचा शेजारी लिंबाशेट व्यापारी आडवा आला.

"महाराज, देशोदेशी फिरलोय. अशा जोडीला कुठं हार घालतात, कुठं दगड मारतात."

"असा फरक का?"

"हुकूम सगळ्यांना लावा, म्हणजे कळेल. सुरुवात राजवाड्यापासून. आपले काका आणि सेनापती एकाच रजईत झोपतात म्हणे."

"थंडी वाजते त्यांना!" राजा ओरडला.

"वैशाखात?"

"काकांना वैशाखातही वाजते!"

"हाच तो फरक, महाराज," लिंबाशेटनं हात जोडले. "लोक आधी आपल्या घरात बघतात तिथं हार, नुसतं शेजाऱ्याच्या घरात बघतात तिथं दगड."

राजानं हुकूम मागं घेतला आणि भर वैशाखात येसू-भानाच्या घरी एक रजई धाडली.