नदीच्या वळणावरची फळी

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक शिंपी राहत असे. सकाळभर तो कपडे शिवायचा आणि दुपारी दुकानाच्या मागच्या पडवीत आपला छंद घेऊन बसायचा. जुन्या शिवणयंत्राच्या पायाने हलवायच्या पायट्यावर त्याने केसासारखं बारीक पातं असलेली एक करवत बसवली होती. पातळ फळीवर तो नक्षीचा कागद खळीने चिकटवायचा, गिरमिटाने भोक पाडायचा, त्यातून पातं ओवायचा आणि पाय हलवू लागायचा. मग लाकडातून मोर निघायचे, वेली निघायच्या, पाळण्यावर टांगायचे पोपट निघायचे.

तो कुणाकडून पैसे घेत नसे. मात्र "तुझ्या हातात जीव आहे रे!" असं कुणी म्हटलं की दिवसभर खुशीत असायचा. म्हणून जो जे मागेल ते तो करून द्यायचा. नाही म्हणणं त्याला जमतच नसे.

त्या वर्षी नदीला मोठा पूर आला. गावातल्या कुंभारणीची दोन्ही मुलं काठावर माती आणायला गेली होती. धाकटी येसू पाण्यात घसरली. थोरल्या हैबतीने तिला ढकलून काठावर आणलं, पण तो स्वतः वाहून गेला. कुंभारणीला नवरा आधीच नव्हता. त्या दिवसापासून ती येसूला जेवू घालायची, पण तिच्याकडे बघायची नाही.

पूर ओसरल्यावर एका दुपारी कुंभारीण पडवीत आली. तिच्या काखेत एक काळी फळी होती.

"दादा, नदीने माझा हैबू नेला आणि त्याच वळणावर ही फळी आणून टाकली. यातून मला माझा हैबू काढून द्या."

शिंप्याने फळी हातात घेतली. बाहेर कडक ऊन होतं, तरी ती गार आणि ओलसर होती. तिला लाकडाचा वास नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला.

"बाई, हे लाकूड मला बरं वाटत नाही."

"तुमच्या हाताला न जमेल असं काही आहे का दादा?"

एवढं ऐकलं आणि शिंप्याने करवतीला पातं लावलं. हैबतीचे सदरे त्यानेच शिवले होते. पोराचे खांदे, मान, हात सगळं त्याला ठाऊक होतं. खाली पट्टीवर उभा असलेला, डोळे मिटलेला हैबती त्याने कापून काढला. भुसा पडला तोही ओलाच.

काही दिवसांनी कुंभारीण ती आकृती घेऊन परत आली. "दादा, त्याचे डोळे उघडून द्या. मला त्याने बघायला हवंय."

शिंप्याने डोळे कापले. त्या दोन फटींतून पलीकडची भिंत दिसायला हवी होती. दिसलं ते हिरवट, हलतं पाणी. त्याने झटकन मान वळवली. पण कुंभारीण हसली, आणि गावभर शिंप्याचं कौतुक करत फिरली.

पुढे एकदा येसू त्याला गल्लीत भेटली. भिंतीला हात लावत लावत चालली होती.

"काका, हल्ली दुपारीच अंधार का पडतो?" तिने विचारलं.

शिंप्याच्या मनात काहीतरी लकाकून गेलं. त्याने ते तिथेच दाबून टाकलं.

कुंभारीण पुन्हा आली. "आता तोंड उघडा दादा. एकदा तरी मला आई म्हणू दे."

ओठांमधून पातं शेवटपर्यंत गेलं आणि लाकडातून आवाज आला, "आई."

शिंप्याचा पाय पायट्यावर थिजला. कुंभारणीने मात्र त्याचे दोन्ही हात कपाळाला लावले. ती आकृती बघायला गाव लोटलं. असा कारागीर झाला नाही, असं जो तो म्हणू लागला. त्या गर्दीत येसू शिंप्यापाशी आली, त्याचा सदरा ओढून तिने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ती पुन्हा पुन्हा तोंड उघडत राहिली. तेव्हा मात्र शिंप्याला सगळं कळून चुकलं.

त्यानंतर त्याला जेवण जाईना. कुंभारणीला जाऊन सांगावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज लोक त्याची वाखाणणी करायचे. तो गप्प बसला.

शेवटी कुंभारीण आलीच. येसू तिच्या मागे दारात उभी राहिली.

"पाय पट्टीला जोडलेले आहेत दादा. तेवढे मोकळे करा. मग तो घरी चालत येईल."

"शिंपीकाका, पाय सोडवा," आकृतीही म्हणाली. आवाज हैबतीचाच होता, पण पाण्याखालून आल्यासारखा.

शिंप्याने फळी करवतीखाली धरली. पातं पहिल्या पावलाला जरा भिडलं, तोच दारात धप्प असा आवाज झाला. येसू खाली बसली होती. तिला उठता येत नव्हतं.

शिंपी थांबला. "बाई, मागे बघा."

"आधी पाय कापा."

"आधी मागे बघा!"

तिने पाहिलं नाही. शिंप्याने पातं काढलं आणि बोटांत धरून मोडलं.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही. मी याचे डोळे कापले, पोरीची नजर गेली. तोंड कापलं, तिची वाचा गेली. मला ते कळलं तरी मी बोललो नाही, कारण सगळे मला चांगलं म्हणत होते. आता तिचे पायही जायला लागलेत."

कुंभारीण संतापली. "माझं सुख बघवत नाही तुम्हाला!" मग फळीकडे वळून तिने विचारलं, "हैबू, बाळा, हे खोटं आहे ना?"

लाकडी ओठ हलले. "येसू गेली तर जाऊ दे आई. मी आहे ना."

कुंभारणीचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"माझा हैबू तिच्यासाठी पाण्यात उतरला होता," ती म्हणाली. "असं तो कधीच बोलला नसता."

मग ती मागे वळली. पुरानंतर पहिल्यांदाच तिने लेकीकडे नीट पाहिलं. पोर किती वाळली होती! तिने धावत जाऊन येसूला कडेवर घेतलं.

तिघं तशीच नदीवर गेली. शिंप्याने फळी कुंभारणीच्या हाती दिली आणि तिने स्वतः ती पाण्यात सोडली. फळी प्रवाहाबरोबर खाली गेली नाही. ती वर, पाण्याच्या उलट दिशेने निघाली आणि जाताना "आई, थंडी वाजते गं," असं म्हणत राहिली. कुंभारीण ओठ घट्ट मिटून उभी होती. येसूला तिने छातीशी आवळून धरलं होतं. आवाज वळणाआड विरला, तेव्हा येसूने पाय हलवले.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दादाला खरंच थंडी वाजत असेल का?"

"नाही गं राणी. तो आपला दादा नव्हताच," असं म्हणून कुंभारीण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

येसूची वाचा आली, पाय आले. नजर मात्र पुरती आली नाही. सांज झाली की तिला हात धरून न्यावं लागे. शिंपी ते रोज बघायचा. लाकूड तो पुढेही कापत राहिला, पण कुणी काही मागितलं की आधी दोन प्रश्न विचारायचा आणि कधीकधी नाही म्हणायचा. लोक म्हणू लागले, शिंपी शेफारला. तो ऐकून घ्यायचा आणि आपलं काम करायचा.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: केवळ लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून आपण 'हो' म्हणतो, तेव्हा त्याची झळ ज्याला बोलता येत नाही अशा कुणाला तरी लागते, म्हणून वेळीच 'नाही' म्हणायला शिकावं.